कौलावरची काव नक्षी: घरातले काम चारचौघांसमोर ठेवताना

शेवंती (फोंडा)

सपाट कौलावर चुन्याचा गिलावा चढवून त्यावर काव पद्धतीची नक्षी कोरण्याचा छंद मी बरीच वर्षे जोपासला आहे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. आजवर केलेली कौले घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी पाहिली, काही नातलगांच्या देवघरांत आणि ओसऱ्यांवर लागली. पण ओळखीपलीकडच्या माणसांसमोर ती मांडण्याचे धैर्य मला अलीकडेच आले. ते कसे आले हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे काम कपाटावर पडून असणार. शेवटी दोन शंकाही विचारणार आहे.

ज्यांना ही कला परिचित नाही त्यांच्यासाठी थोडेसे. सिंधुदुर्गापासून गोव्यातून खाली उत्तर कन्नड आणि उडुपीपर्यंतच्या किनारपट्टीत देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर तांबड्या आणि पांढऱ्या अशा दोनच रंगांतली चित्रे आढळतात. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा पातळ थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा भाग उघडा करतात. कुंचल्याने रंगवलेले यात काहीच नसते. जे तांबडे दिसते ते राखलेले असते आणि जे पांढरे दिसते ते खरवडून मोकळे केलेले असते. एकदा खरवडलेली रेघ पुन्हा भरता येत नाही, म्हणून हात घालण्यापूर्वी संपूर्ण आकृती डोक्यात पक्की असावी लागते.

भिंत मला उपलब्ध नव्हती, म्हणून मी कौलाकडे वळले. आमच्या भागात जुनी घरे उतरवली जातात तेव्हा छपराच्या कौलांखाली बसवलेली सपाट कौले सहज मिळतात. भाजलेल्या मातीचे कौल पाणी पटकन शोषते. कोरड्या कौलावर गिलावा टाकला तर त्यातले पाणी कौल ओढून घेते आणि थर भुकटी होऊन सुटतो. त्यामुळे कौल आधी पाण्यात बुडवून ठेवते, त्याचे बुडबुडे थांबले की बाहेर काढते आणि पृष्ठभागावरचे पाणी निथळू देते. मग बारीक वाळू आणि मुरवलेला चुना यांचा थर देते. पूर्वी शिंपले भाजून केलेला चुना, वाळू आणि गूळ यांचे मिश्रण मुरवून वापरत असत. मीही चुना शक्य तितका जुना करून घेते. चांगला मुरलेला चुना थापीखाली लोण्यासारखा सरकतो आणि त्यात खडे लागत नाहीत.

तांबडा थर दिल्यानंतरचा वेळ हाच खरा कसोटीचा असतो. थर फार ओला असला तर रेघेच्या दोन्ही कडांना चिखलाचे काठ उभे राहतात आणि फार सुकला तर कड तुटून टवके उडतात. मी कोपऱ्यावर नखाने टोचून पाहते: खूण उमटली, पण नखाला काही चिकटले नाही, म्हणजे कोरायला बसायचे. बहुतेक नक्षी मी कंपासने आखते. वर्तुळाच्या परिघावर त्याच्याच त्रिज्येने खुणा करत गेले की बरोबर सहा भाग पडतात आणि त्याच बिंदूंवरून कमानी काढल्या की सहा पाकळ्यांचे फूल तयार होते. मधले बिंदू घेतले की बाराचे. वर्गात फळ्यावर खडूने काढलेली हीच रचना ओल्या चुन्यात उतरवताना हात वेगळ्याच तऱ्हेने चालतो. कंपासचे टोक जिथे रुतते तिथे भोक पडते. ते मी बुजवत नाही, तेच फुलाचे केसर होते.

आता धैर्याविषयी. घरच्यांचे कौतुक मला भरपूर मिळाले आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण ‘छान झाले आहे’ या शब्दांनी काम बाहेर न्यावे असे मला कधीच वाटले नाही. आपल्या माणसांना आपण केलेले आवडणारच, असे मन म्हणत राही. फरक पडला तो अर्धवट कौलामुळे. आमच्या शाळेच्या कलाप्रदर्शनात पूर्ण झालेली कौले मांडण्याचा संकोच वाटला, म्हणून मी एका टेबलाशी बसून प्रत्यक्ष काम करून दाखवावे असे ठरले. एका पालकांसोबत आलेले वयस्क गवंडी बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी विचारले, ‘बाई, चुना किती मुरवला? वाळू नदीची की खडीची?’ पाठोपाठ सातवीतल्या एका मुलीने विचारले की पांढरा रंग मी नंतर भरणार आहे का. दोघांनाही मी उत्तरे देत गेले, आणि बोलता बोलता मला जाणवले की विचारले जाणारे सारे मला ठाऊक होते. वाळूचा दाणा, थराची जाडी, हवेतला दमटपणा यांविषयी माझे स्वतःचे मत होते आणि ते मत कामातून तयार झालेले होते. कोणी स्तुती केली नव्हती. कामाविषयी नेमके विचारले होते, आणि तेवढ्याने हे काम माझे आहे असे पहिल्यांदा ठामपणे वाटले. त्यानंतर पूर्ण झालेल्या कौलांपेक्षा चालू काम दाखवण्याचाच मी परिपाठ ठेवला आहे. पाहणारा माणूस पूर्ण वस्तूसमोर अभिप्राय देतो आणि अपूर्ण वस्तूसमोर प्रश्न विचारतो, असा माझा अनुभव आहे.

माझ्या शंका अशा. देवळांच्या भिंतींवरच्या आकृत्या पाहून जशाच्या तशा कौलावर उतरवणे योग्य आहे का? आणि विचारणा होऊ लागली आहे, तेव्हा किंमत कशी ठरवावी?

कौलारू (पेडणे)

शेवंतीताई, आपण कोरण्याच्या वेळेविषयी लिहिलेला परिच्छेद वाचून फार समाधान वाटले. मोरजीच्या मोरजाई देवळातील काव चित्रे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. जवळ उभे राहिले की रेघेची कड तिरपी कापलेली दिसते आणि सकाळच्या उन्हात तिची बारीक सावली पडते. छायाचित्रात हे कधीच येत नाही. म्हणून पहिली सूचना ही की आकृती छायाचित्रावरून न घेता भिंतीसमोर बसून वहीत काढावी. भिंतीवर कागद टेकवून छाप घेणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण जुना थर हाताच्या दाबानेही सुटतो.

जशाच्या तशा उतरवण्यात मला गैर वाटत नाही. शिकण्याचा तो जुना आणि प्रामाणिक मार्ग आहे. फक्त देवस्थान समितीला विचारून काम करावे आणि कौलाच्या मागे मूळ आकृती कोणत्या देवळातली, कोणत्या भिंतीवरची, हे लिहून ठेवावे. याचे कारण भावनेपलीकडचे आहे. जीर्णोद्धारात काव चित्रांच्या भिंती पाडल्या गेल्या, काहींवर तैलरंग चढला, काहींवर लाद्या बसल्या. डॉ. कृष्णानंद कामत यांच्यासारख्या अभ्यासकाने गावोगाव फिरून नोंदी केल्या म्हणून या कलेविषयी बरेच काही हाती उरले आहे. आपल्या कौलामागची एक ओळ उद्या कोणाला उपयोगी पडू शकेल. आपल्या गणिताच्या जाणकारीचाही येथे मोठा उपयोग आहे: आकृती कशी आखली गेली असावी, आधी कोणते वर्तुळ, मग कोणती कमान, हे आपण उलगडून लिहू शकाल. ते काम चित्रकाराला सहसा सुचत नाही.

चुनखडी (मडगाव)

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. चुन्यावर काम करणाऱ्या सर्वांसाठी काही गोष्टी लिहिणे आवश्यक वाटते.

कळीचा चुना घरी विझवणार असाल तर पाण्यात चुना टाकावा. चुन्यावर पाणी ओतू नये. विझताना प्रचंड उष्णता निर्माण होते आणि मिश्रण उसळून अंगावर येते. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे असलेच पाहिजेत. डोळ्यात कण गेला तर चोळू नये, भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे आणि तसेच डॉक्टरांकडे जावे. मुलांसमोर प्रात्यक्षिक करताना आधीच विझवून मुरवलेला चुनाच न्यावा.

दुसरे, चुना सुकून घट्ट होतो ही समजूत अपुरी आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो. या क्रियेला थोडा ओलावा लागतो. एकदम उन्हात ठेवलेले कौल वरून सुकते आणि आतून कच्चे राहते. उलट भर पावसाळ्यात थराची छिद्रे पाण्याने भरलेली राहतात, हवा आत शिरत नाही आणि बुरशी धरते. आपल्याकडे या कामासाठी दिवाळीनंतरचे महिने उत्तम. सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, मधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा देत ठेवावे.

तांबड्या रंगाबाबत निश्चिंत असावे. आपल्या जांभ्याचा आणि तांबड्या मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. तो चुन्याच्या दाहकतेला दाद देत नाही आणि उन्हानेही विटत नाही. पुष्कळसे सेंद्रिय रंग चुन्यात टिकत नाहीत. माती मात्र वस्त्रगाळ करून घ्यावी. आणि घेणाऱ्याला आवर्जून सांगावे की हे कौल लिंबू, चिंच किंवा बिंबलीने पुसू नये. पितळेची समई आपण जशी घासतो तसे कोणी केले तर आम्लाने चुना विरघळून नक्षी निघून जाईल.

बिंबली (डिचोली)

चिंच-बिंबलीची सूचना वाचून माझ्या नावाकडे पाहिले! मी क्रोशाचे काम करते: टेबलक्लॉथ, देवघराचे पडदे, बाळांची टोपडी. आमच्या वाड्यावर हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांतल्या बायकांनी एकमेकींकडून टाके उचलले आहेत, आणि माझे बरेचसे नमुने शेजारच्या बाईंनी त्यांच्या आईच्या जुन्या लेसवरून मला शिकवले.

शेवंतीताईंच्या एका मताशी मी सहमत नाही. माझ्या बाबतीत कौतुकानेच काम केले. माझ्या सासूबाई स्वतः काही विणत नसत, टाक्यांतले त्यांना काही कळत नसे. पण प्रत्येक पाहुण्यासमोर माझा पडदा काढून दाखवत आणि ‘हे आमच्या सुनेने केले’ असे सांगत. मला लाजल्यासारखे होई, तरीही पुढचा पडदा अधिक चांगला करावा अशी ओढ त्यातूनच लागली. जाणत्याचा प्रश्न मोलाचा आहे हे मान्य, पण तो प्रश्न येईपर्यंत सुई हातात धरून ठेवायला कोणीतरी आपलेच लागते. सगळ्यांना शाळेचे प्रदर्शन मिळत नाही.

चालू काम दाखवण्याची कल्पना मात्र मनापासून पटली. क्रोशात तर प्रत्येक ओळीला लोक थांबून पाहतात.

जायांफाती (पर्वरी)

दोघींचे म्हणणे वाचताना मला आंजेलो द फोन्सेका यांची आठवण झाली. 1902 साली आपल्या सांतिस्तेव बेटावर जन्मलेले हे चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांच्या परंपरेत शिकले आणि त्यांनी मरियेला साडी नेसवून, भारतीय चेहऱ्याने, भारतीय अंगणात रंगवले. गोव्यात त्यांना कौतुक मिळाले नाही, टीका वाट्याला आली. ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि 1967 साली निधन होईपर्यंत त्याच वाटेने रंगवत राहिले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आमच्या पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्राकडे आहे. स्वतःच्या गावाने नाकारल्यावरही त्यांचा हात थांबला नाही, याला बळ कौतुकाचे होते की विचारणाऱ्याचे, हे सांगणे कठीण आहे. मला वाटते, ज्या विषयावर ते बसले होते त्या विषयाचेच ते बळ असावे. ताईंच्या लेखातही मला तेच दिसले. सहा पाकळ्यांविषयी लिहिताना त्यांचा संकोच कुठेच जाणवत नाही.

तांबडी माती (केपे)

एक गंभीर मुद्दा मांडतो आणि तो शेवंतीताईंवर रोखलेला नाही. पर्यटकांच्या बाजारात हल्ली लाकडी भुशाच्या फळीवर ॲक्रिलिकच्या तांबड्या रंगात छापलेली नक्षी ‘पारंपरिक काव कला’ म्हणून विकली जाते. तिच्यात चुना नाही, माती नाही आणि खरवडणेही नाही. अशा वस्तूंमुळे घेणाऱ्याची फसगत होते, आणि भिंतीवर खरे काम करणाऱ्या मोजक्या कलाकारांच्या कष्टांचे मोल उतरते. गोव्याचे चित्रकार सागर नाईक मुळे यांच्या कामाचा उल्लेख ‘मन की बात’मध्ये झाला तेव्हा अनेकांना ही कला प्रथमच माहीत झाली, त्या उत्सुकतेचा लाभ छापील वस्तूंना मिळावा, हे मला खटकते.

कौलावरचे काम मी काव कलेतलेच मानावे का, याविषयी मी बराच विचार केला. भिंत आणि देऊळ यांपासून तोडलेली नक्षी अपुरी राहते असे मला वाटते, कारण मूळ चित्रे खांबाच्या उंचीशी, कोनाड्याशी आणि प्रदक्षिणेच्या वाटेशी बांधलेली असतात. तरीही चुना, माती आणि खरवडणे ही तिन्ही अंगे ज्या कामात आहेत ते बाजारातल्या वस्तूंच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. माझी विनंती एवढीच आहे की प्रत्येक कौलासोबत ते कशाचे आणि कोणत्या रीतीने केले, याची चिठ्ठी द्यावी.

शेवंती (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. बिंबलीताई, आपले म्हणणे मी पुन्हा पुन्हा वाचले. माझ्या यजमानांनी जुन्या घरांतून कौले उचलून आणली, आमच्या मागीलदारी चुन्याची पिंपे इतका काळ सहन केली, आणि कधी एका शब्दाने विचारले नाही की याचे पुढे काय करणार. तेही कौतुकच होते, हे आपण लिहिल्यावर माझ्या ध्यानात आले.

केप्याच्या बंधूंचे म्हणणे मला मान्य आहे. चिठ्ठी मी देईन, आणि कौलारूंनी सांगितल्याप्रमाणे मूळ देवळाचा उल्लेखही तिच्यातच करीन. खांबाच्या आणि कोनाड्याच्या मापाचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मी आतापर्यंत प्रत्येक कौल सुटे मानून त्याच्या मध्यभागी फूल बसवत आले. चार किंवा सहा कौले मिळून एक सलग पट्टी केली, आणि ती घराच्या दाराच्या चौकटीच्या मापाने आखली, तर नक्षीला तिची जागा मिळेल. वर्तुळ एका कौलावरून दुसऱ्यावर जाताना सांध्याशी कमान जुळवावी लागेल. त्यासाठी सर्व कौले एकाच फळीवर शेजारी मांडून, एकाच वेळी तांबडा थर देऊन कोरावे लागेल. एवढ्या क्षेत्रावर थर एकसारखा ओला ठेवणे मला एकटीला जमेल असे वाटत नाही, पण शाळेतल्या दोघी मुली मदतीला यायला तयार आहेत.

किंमतीविषयी अजून कोणी लिहिले नाही.

पाटलीवाला (सांगे)

किंमतीविषयी मी सांगतो. आमच्या घरी बांबूच्या पाटल्या (टोपल्या), सुपे आणि हल्ली दिव्यांच्या छत्र्या विणतात. पणजीला दर्या संगमावर भरणाऱ्या लोकोत्सवात मी माल मांडला आहे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही बसलो आहे. कारागीर बहुधा साहित्याची किंमत धरतो आणि त्यावर थोडे चढवून मोकळा होतो. चुना, माती आणि जुने कौल यांना पैसे जवळजवळ लागतच नाहीत, म्हणून आपण फार कमी सांगाल अशी मला भीती वाटते. गवंड्याची दिवसाची मजुरी आपल्या भागात काय चालते ती विचारा, कौलाला लागलेले तास त्या मजुरीने मोजा, कोरताना फुटलेल्या कौलांचे तासही त्यात वाटून घाला, आणि हा खालचा आकडा समजा. त्याखाली कोणालाही देऊ नये. नातलगांना भेट द्यायची असेल तर पूर्ण भेट द्यावी. अर्ध्या किंमतीत दिलेल्या वस्तूची बातमी फिरते आणि पुढचे गिऱ्हाईक तीच किंमत मागते.

आणखी एक गोष्ट. किंमत सांगताना खाली पाहू नये. आकडा सांगावा आणि गप्प राहावे. घासाघीस सुरू झाली तर कौल हातात देऊन ते कसे केले हे सांगावे. आपण येथे जसे लिहिले तसेच. ऐकून घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण मग घासाघीस करत नाहीत.

चुनखडी (मडगाव)

सलग पट्टीसाठी एक सूचना: कौलांच्या मागे फळीऐवजी ओल्या वाळूचा सपाट थर अंथरावा. वाळू खालून ओलावा देत राहते आणि सर्व कौले सारख्या वेगाने सुकतात. जाडीतला थोडाफार फरकही वाळूत बसवता येतो.

शेवंती (फोंडा)

वाळूचा उपाय फार उपयोगाचा आहे, तो नक्की करून पाहीन. पाटलीवाले भाऊ, मजुरीचा हिशोब काल मांडला; आलेला आकडा माझ्या मनातल्या किंमतीपेक्षा पुष्कळ मोठा आहे. वर्गातल्या मुलांना मी उत्तर आल्यावर ते बदलू नका असे सांगते, तेव्हा हाही आकडा तसाच ठेवते. कौलारूंना विनंती की मोरजीला केव्हा जाता येईल ते कळवावे. नाताळच्या सुट्टीत शाळा बंद असते, आणि देवस्थान समितीसाठी परवानगीचे पत्र मी त्याआधीच लिहून पाठवते. दोघी मुलीही सोबत येतील. त्यांच्यासाठी पाठीला टेकू असलेली फळी आणि जाड कागद मी आणीन. कंपास त्या स्वतःचे आणतील.